तानपुऱ्याला पंखा समजणारा लॅपटॉप : शिवाजी पेठेतलं एक प्रकरण

२०२५ ची गुरुपौर्णिमा १० जुलैला, गुरुवारी होती. त्याच्या आठ दिवस आधी, बुधवारी दुपारी, भर पावसात एक पोरगा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानात आला.

"दादा, आत्याचा लॅपटॉप हाय. आवाजच गेलाय बघा. गुरुपौर्णिमेला तिच्या विद्यार्थ्यांचा ऑनलाइन कार्यक्रम हाय, तवर झालाच पायजे."

आत्या म्हणजे शिवाजी पेठेत गाणं शिकवणाऱ्या बाई. वय सत्तरीच्या आसपास. करोनाच्या काळात लॅपटॉपवरून शिकवायला लागल्या आणि ते पुढेही चालूच राहिलं. एक मुलगी पुण्यात, एक न्यू जर्सीत, दोघी आखातात, अशी त्यांची शिकवणी. मी कार्डावर तक्रारीच्या रकान्यात दोन शब्द लिहिले : आवाज नाही. हे दोन शब्द अपुरे होते हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि हे प्रकरण लिहून काढण्याचं कारणही तेच आहे.

आवाजाची तक्रार आली की मी तीन गोष्टी विचारतो. कधीपासून, त्याआधी मशीनमध्ये काय बदललं, आणि कुणी कुणी हात लावला. पोरानं प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. आवाज रविवारी गेला. आदल्या दिवशी त्याच्या मित्रानं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं होतं, सगळे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला एकेक भाग चालवायला शिकवणारी छोटी सॉफ्टवेअर, एका दमात अपडेट करणारं. का टाकलं? "आधीपासनंच आत्याचं कायतरी चाललं होतं, आवाज नीट जात नाही म्हणून." सोमवारी एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी साऊंडची आयसी, म्हणजे चिप, गेली, मदरबोर्ड काढावा लागेल असं सांगितलं. दुसरीकडे फॉरमॅट मारून घ्या म्हणाले.

बोर्डाचा संशय आधी मिटवला. माझ्याकडे उबुंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, पेन ड्राइव्ह कायम तयार असतो. त्यावरून मशीन चालू केलं की विंडोजला आणि त्यातल्या सगळ्या ड्रायव्हरना बाजूला ठेवून तेच हार्डवेअर तपासता येतं, आणि डिस्कवरच्या कशालाही हात लागत नाही. डावा स्पीकर वाजला, उजवा वाजला. हेडफोनच्या जॅकमध्ये आवाज आला. स्क्रीनच्या वरच्या कडेत जे दोन बारीक माइक असतात त्यांवर "एक, दोन, तीन" रेकॉर्ड केलं, तेही स्वच्छ ऐकू आलं. दहा मिनिटांत बोर्ड निर्दोष ठरला. हे दहा मिनिटांचं काम न करता गिऱ्हाइकाला बोर्डाचा खर्च सांगणं मला पटत नाही. निवृत्त बाईमाणसाचा महिना त्यात जातो.

मग विंडोज उघडलं. विंडोज ११, २४एच२ ही आवृत्ती. खाली स्पीकरच्या चित्रावर लाल फुली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनमधल्या सगळ्या भागांच्या यादीत, 'साऊंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' या गटात साऊंडचं एकही नाव नाही, आणि 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळ्या त्रिकोणासह 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर'. कोड २८, म्हणजे या भागाला ड्रायव्हरच बसवलेला नाही.

इथेच बहुतेकजण चुकतात. साऊंड म्हटलं की रिअलटेक हे साऊंडच्या चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव डोक्यात बसलेलं असतं, म्हणून रिअलटेकचा ड्रायव्हर उतरवून घेतात, बसवतात, रिस्टार्ट करतात, आवाज येत नाही, मग आणखी नवा उतरवतात. या मशीनवर तसं तीनदा झालेलं दिसत होतं. त्या पिवळ्या त्रिकोणाचे प्रॉपर्टीज उघडून 'हार्डवेअर आयडीज' बघितले तर व्हेंडरचा, म्हणजे तो भाग बनवणाऱ्या कंपनीचा, आकडा होता ८०८६. हा इंटेलचा क्रमांक, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरवरून ठेवलेला. रिअलटेकचा क्रमांक १०ईसी, आणि तो यादीत कुठेच नव्हता.

कारण असं. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये, या मशीनमधल्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरसह, आवाजाची वाट आधी इंटेलच्या कंट्रोलरमधून जाते. त्याला ते स्मार्ट साऊंड टेक्नॉलॉजी म्हणतात. त्यात आवाजावर प्रक्रिया करणारा एक छोटा वेगळा प्रोसेसरही असतो. रिअलटेकची चिप त्याच्या मागे बसलेली. पेठेतल्या जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजाच बंद असेल तर आतल्या खोलीचं कुलूप उघडायला गेलेला माणूस बाहेरच उभा राहणार. इंटेलच्या कंट्रोलरला ड्रायव्हर नाही म्हणून विंडोजला रिअलटेकची चिप दिसतच नव्हती, आणि न दिसणाऱ्या चिपसाठी ड्रायव्हर बसवणं चाललं होतं.

अपडेट करणारं ते सॉफ्टवेअर पहिल्यांदा काढून टाकलं. ते ठेवून पुढचं काही केलं असतं तर रात्रीत त्यानं पुन्हा ढवळाढवळ केली असती. नंतर वाय-फाय बंद केलं. हे पाऊल मी कधी चुकवत नाही. जुना ड्रायव्हर काढून मशीन रिस्टार्ट केलं की मधल्या मोकळ्या वेळात विंडोज अपडेट आपल्या मनानं एखादा ड्रायव्हर आणून बसवतं, आणि तो योग्यच असेल याची खात्री नसते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज अपडेटमधून इंटेलचा ०९.२१.००.३७५५ हा ऑडिओ ड्रायव्हर चुकून अनेक मशीनवर गेला आणि त्यांचा आवाज बंद पडला होता. मायक्रोसॉफ्टनं तशी कबुली दिली आणि तो काढून टाकणारं वेगळं अपडेट सोडलं.

कमांडच्या काळ्या खिडकीत पीएनपीयुटिल या विंडोजच्याच हत्यारानं मशीनवर बसवलेल्या सगळ्या ड्रायव्हरची यादी काढली. ऑडिओची चार पॅकेजेस निघाली, त्यातलं एक तर दुसऱ्याच कंपनीच्या लॅपटॉपसाठी बनवलेलं. रिअलटेकची चिप एकच असली तरी लॅपटॉप बनवणारी प्रत्येक कंपनी तिची जोडणी आपल्या पद्धतीनं करते. स्पीकर कुठल्या पिनवर, जॅक घातल्याचं कसं कळणार, माइक कुठे, हे सगळं त्या कंपनीच्या पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून परक्या कंपनीचं पॅकेज बसतं, चालल्यासारखं दिसतं, आणि जॅक घालूनही स्पीकर वाजतच राहतो. चारही पॅकेजेस नावानिशी काढली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं 'अनइन्स्टॉल' केलं की ड्रायव्हरची प्रत विंडोजच्या कोठारात तशीच राहते आणि पुढच्या स्टार्टला तीच पुन्हा बसते, हे अनेकांना माहीत नसतं.

लॅपटॉपच्या बुडावरचा मॉडेल नंबर बघून त्याच कंपनीच्या पानावरचं ऑडिओ पॅकेज दुसऱ्या मशीनवर उतरवलं. बसवण्याआधी त्यातल्या इंटेलच्या फाइलची आवृत्ती बघितली, कारण अकराव्या पिढीच्या प्रोसेसरवर १०.२९.०.५१५२ किंवा १०.३०.०.५१५२ यांपैकी एखादी आवृत्ती असेल तर विंडोज ११ निळ्या स्क्रीनवर पडू शकतं. मायक्रोसॉफ्टनं अशा मशीनना विंडोज ११ चं अपग्रेड देणंच थांबवलं होतं. आवृत्तीच्या शेवटी ५७१४ किंवा त्याच्या पुढचा आकडा हवा. होता. पॅकेज बसवलं, रिस्टार्ट केलं, आणि विंडोज सुरू होतानाचा सूर वाजला. पोराला फोन केला, "झालंय, घेऊन जा."

द्यायच्या आधी बाईंशी एकदा बोलून घ्यावं म्हणून गुरुवारी सकाळी त्यांना फोन लावला. त्यांचं उत्तर जसंच्या तसं आठवतंय.

"आवाज आला ते चांगलं झालं रे. पण आवाज गेला असं मी कधी म्हटलंच नव्हतं. तो पोरांनी नंतर घालवला. मी म्हणत होते, माझा तानपुरा जातो."

मी विचारलं, जातो म्हणजे?

"मुलींना सुरुवातीला ऐकू येतो आणि मग विरतो. माझा लांबवलेला षड्जही मधेच बारीक होतो. ताना घेतल्या तर सगळं व्यवस्थित जातं. ठेहराव घेतला की जातो. तीन महिने सांगतेय, कुणी ऐकूनच घेत नाही."

मी लॅपटॉप घेऊन संध्याकाळी स्वतःच गेलो. गाण्याची तक्रार दुकानातल्या ट्यूबलाइटखाली "हॅलो, हॅलो" करून तपासता येत नाही.

बाईंची खोली पहिल्या मजल्यावर. वरती पत्रा, त्यावर जुलैचा पाऊस. भिंतीला गवसणीत मिरजेचा तानपुरा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते बाईंनी मला कौतुकानं सांगितलं. बोटांचे सांधे दुखतात म्हणून शिकवणीला त्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी लावतात. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई होते, त्या गावात वाढलेला हा कान. तो कान तीन महिने एकच गोष्ट सांगत होता.

मी फोनवरून त्यांच्या कॉलला जोडलो, कानात हेडफोन घातले आणि खाली जिन्यात जाऊन बसलो. बाईंनी पेटी लावली. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज, अशा तानपुऱ्याच्या चार तारा एकामागून एक. पहिलं आवर्तन स्वच्छ ऐकू आलं. दुसऱ्याला कुणीतरी तारांवर घडी घातलेलं कापड ठेवावं तसा नाद दबला. तिसऱ्याला काहीच नाही. मग बाईंनी 'सा' लावला. भरदार लागला, दोनेक सेकंद टिकला, आणि पुढे त्याचं अंग गळत गेलं, नुसती बारीक रेघ उरली. त्यांनी तान घेतली, सगळा आवाज परत आला. वर पेटी अखंड चालू होती. मला जिन्यातून माझ्या कानांनी ती ऐकू येत होती, हेडफोनमध्ये येत नव्हती.

हे बघितल्यावर कारण स्पष्ट होतं. गोंगाट दाबणारी जी यंत्रणा असते तिचा ठोकताळा असा की माणसाचं बोलणं सतत बदलतं, आणि पंख्याचा, एसीचा, गाड्यांचा आवाज एकसारखा राहतो. म्हणून जे एकसारखं चालू आहे ते ओळखायचं आणि वजा करायचं. मीटिंगमध्ये बोलणाऱ्यासाठी हे उत्तम आहे. पण तानपुऱ्याचं सगळं मोलच त्याच्या एकसारखं असण्यात आहे. ज्या गुणासाठी गवई त्याला पाठीशी घेऊन बसतो, नेमक्या त्याच गुणामुळे यंत्रणा त्याला पंखा समजत होती. लांबवलेल्या षड्जाचंही तेच होत होतं.

आता ही यंत्रणा बसलीय कुठे? जागा तीन असतात. एक कॉलच्या ॲपमध्ये. झूममध्ये 'ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स' नावाची सोय आहे, ती चालू केली की ॲप आवाजात ढवळाढवळ करत नाही. पुण्याच्या विद्यार्थिनीनं बाईंना ती आधीच शिकवलेली होती, आणि बाई ती दर वेळी न चुकता लावतही होत्या. म्हणजे ॲप सुटलं. उरल्या दोन जागा, विंडोजमधली आणि लॅपटॉपच्या कंपनीनं ड्रायव्हरसोबत दिलेली. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ड्रायव्हर देणाऱ्याला आवाजाच्या वाटेत स्वतःची गाळणी बसवता येते. ती ड्रायव्हरच्याच पॅकेजमधून येते. ॲपला तिची गंधवार्ता नसते, त्याच्या हातात आवाज येतो तोच गाळलेला.

याचा पुरावा बाईंनाही दिसावा म्हणून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर वीस सेकंद पेटी रेकॉर्ड केली, कॉल वगैरे काही न लावता, आणि तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठला सूर कधी किती वाजतो त्याचं चित्र, उघडला. बाईंची पट्टी हार्मोनियमवरची काळी चार, म्हणजे षड्ज २०८ हर्ट्झच्या जवळपास. पडद्यावर तिथे एक आडवी उजळ रेघ, तिच्या वर तिच्या पटींच्या रेघा, मधे पंचमाच्या. तिसऱ्या सेकंदाला सगळ्या रेघा एकदम फिक्या पडत होत्या आणि पाचव्याला पडदा काळा. बाईंनी चष्मा लावून बघितलं आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. "हे माझं म्हणणं. इथे जातो."

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, साऊंड, माइक, तिथे 'ऑडिओ एन्हान्समेंट्स'समोर 'डिव्हाइस डिफॉल्ट इफेक्ट्स' होतं. ते 'ऑफ' केलं आणि पुन्हा रेकॉर्ड केलं. रेघा वीस सेकंद सलग राहिल्या. जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणझण, तीसुद्धा आली. मला वाटलं, संपलं काम.

शुक्रवारी सकाळी बाईंचा फोन. पुन्हा गेला.

कंपनीच्या पॅकेजसोबत तिचं एक ऑडिओचं ॲप येतं, आणि मशीन सुरू होताना ते आपली सेटिंग परत लावतं. ॲप काढलं. तासाभरात ते पुन्हा हजर, कारण ड्रायव्हरच्या पॅकेजमध्येच 'हे ॲप स्टोअरमधून आणा' अशी नोंद असते. नव्या पद्धतीचे ड्रायव्हर असेच तुकड्यातुकड्यांत बनतात. मूळ ड्रायव्हर एक, कंपनीची भर वेगळी, ॲप आणखी वेगळं, आणि एक असलं की दुसरं आपोआप येतं.

मग मी मूळ वाट बदलून बघितली. डिव्हाइस मॅनेजरमधून इंटेलच्या जागी विंडोजचा साधा 'हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर' निवडला. त्याला कंपनीची कुठलीच गाळणी नाही. स्पीकर उत्तम वाजले, कंपनीचं ॲप गप्प झालं, पण माइकच यादीतून नाहीसा झाला. स्क्रीनच्या कडेतले ते दोन डिजिटल माइक इंटेलच्या त्या छोट्या प्रोसेसरला जोडलेले असतात. रिअलटेकच्या चिपचा त्यांच्याशी संबंध नसतो. साधा ड्रायव्हर लावला की दिंडीदरवाजाशेजारची ती देवडीच बंद होते. 'साधा ड्रायव्हर टाका, सगळं ठीक होतं' हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामुळे घरातल्या लॅपटॉपचा माइक गेला असेल तर पहिल्यांदा हे तपासा. मी इंटेलचा ड्रायव्हर परत लावला.

उरला मार्ग तो सगळ्यात सरळ होता. माइकसाठी लॅपटॉपच्या ड्रायव्हरची वाटच सोडायची. दुकानातून बोटाएवढं यूएसबी साऊंड कार्ड आणि कॉलरला लावायचा माइक नेला. दोन्हीचा खर्च मिळून हजाराच्या आत. यूएसबी ऑडिओला विंडोजचा स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर पुरतो, लॅपटॉपच्या कंपनीचं पॅकेज त्या वाटेवर येतच नाही. मात्र लावण्याआधी विंडोज पूर्ण अपडेट केलं. जानेवारी २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर यूएसबी ऑडिओ १.० या जुन्या पद्धतीवर चालणारी काही उपकरणं कोड १०, म्हणजे 'उपकरण सुरू होत नाही', दाखवून बंद पडत होती, आणि पुढच्या अपडेटनं ते निस्तरलं होतं.

कार्ड लावलं, झूममध्ये तो माइक निवडला, इको घालवायची सोयही बंद केली, कारण तीही लांबट सूर खाते. ती बंद केली की शिकवणाऱ्यानं हेडफोन घालावा लागतो, नाहीतर विद्यार्थ्याचा आवाज फिरून त्याच्याकडेच जातो. बाई ठाम नाही म्हणाल्या. "दोन्ही कान झाकून मला सूर लावता येत नाही." मधला मार्ग म्हणून एका कानाचा हेडफोन घेतला, दुसरा कान खोलीसाठी मोकळा.

गाळणी गेल्याची किंमतही मोजावी लागली. पत्र्यावरचा पाऊस आता सगळा आत येत होता. इतके दिवस तोही गाळला जात होता. खिडकी बंद केली, पेटी बाईंच्या उजव्या हाताला जवळ घेतली, माइक गळ्याच्या आणि पेटीच्या मधल्या बाजूला लावला आणि त्याची पातळी शंभरावरून साठावर आणली. पाऊस मागे गेला, पुरता गेला नाही. पाऊस चालेल म्हणाल्या, षड्ज पाहिजे.

निघण्याआधी पीएनपीयुटिलनं चालू ड्रायव्हरची प्रत एका पेन ड्राइव्हवर काढून बाईंच्या कपाटात ठेवली. कंपनीची ॲप्स आपोआप उतरू नयेत म्हणून 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' केलं. भाच्याला सांगितलं, आता यावर काहीही टाकायचं असेल तर आधी मला फोन. आणि दुकानातल्या कार्डावर 'आवाज नाही' खोडून बाईंचं वाक्य लिहिलं : तानपुरा सुरुवातीला ऐकू येतो, मग विरतो.

मंगळवारी रात्री, कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, पुण्याच्या मुलीला कॉल लावून शेवटची चाचणी घेतली. मी खोलीतच होतो. बाईंनी पेटी सुरू केली आणि काही न बोलता बसून राहिल्या. एक आवर्तन, दोन, पाच, दहा. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मी पुढे होऊन वायर तपासणार तेवढ्यात ती मुलगी बिचकत म्हणाली,

"बाई, पंचम जरासा उतरलाय का?"

बाईंनी पेटीवर कान नेला, डोळे मिटून ऐकलं, आणि पंचमाचा नॉब केसभर चढवला.